अमेरिकेत एएमसीसाठी केंद्र शोधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती उठले की आमच्याकडे दोन गोष्टी सुरू होतात. झाडांची पानं पिवळी पडायला लागतात आणि मला फोन यायला लागतात. "अगं, आमच्या शाळेत एएमसी होतच नाही म्हणे. कुठे बसवायचं याला?" एएमसी म्हणजे अमेरिकन मॅथेमॅटिक्स कॉम्पिटिशन्स, शाळकरी मुलांच्या गणिताच्या स्पर्धापरीक्षा. माझी दोन्ही मुलं या परीक्षांमधून गेली. ती कॉलेजला गेल्यावर दोन वर्षं मी एका केंद्रावर प्रॉक्टर, म्हणजे परीक्षेवर देखरेख करणारी, म्हणून उभी राहिले, आणि तेव्हापासून मध्य न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींची मी बिनपगारी चौकशी खिडकी आहे. दर वर्षी तेच तेच बोलण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

एएमसी म्हणजे नेमकी कोणती परीक्षा? १० द्यायची की १२?

मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिका, म्हणजे एमएए, या संस्थेच्या या स्पर्धा. १९५० साली न्यूयॉर्क आणि आसपासच्या शाळांपुरती सुरू झालेली एक परीक्षा वाढत वाढत आज तीन पेपरांची झाली आहे. एएमसी ८ आठवीपर्यंतच्या मुलांसाठी, जानेवारीत, ४० मिनिटांची. एएमसी १० आणि एएमसी १२ हायस्कूलसाठी, नोव्हेंबरात, प्रत्येकी ७५ मिनिटांच्या. तिन्हींत २५ प्रश्न आणि प्रत्येकाला पाच पर्याय.

१० ला बसायचं तर मूल दहावीत किंवा त्याखाली हवं आणि परीक्षेच्या दिवशी साडेसतरा वर्षांच्या आत हवं. १२ ला बारावीपर्यंत आणि साडेएकोणीस वर्षांच्या आत. खालची मर्यादा नाही. सातवीतली पोरं एएमसी १० ला बसलेली मी पाहिली आहेत, पाय जमिनीला टेकत नव्हते. दहावीपर्यंतच्या मुलाने सहसा १० द्यावी. १२ मध्ये लॉगॅरिदम, त्रिकोणमिती, संमिश्र संख्या येतात, आणि त्या शिकल्याशिवाय तो पेपर देणं म्हणजे उगाच हिरमोड.

सगळं ऑनलाइन होतं, मग मी घरबसल्या मुलाचं नाव का नोंदवू शकत नाही?

सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो, म्हणून जरा थांबून सांगते.

कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेला मूल ती घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या साइटवर जातं, जवळचं केंद्र निवडतं, पैसे भरतं, संपलं. आपल्या डोक्यात तीच पद्धत बसलेली असते. एएमसी तशी चालत नाही. ती चालते आपल्याकडच्या स्कॉलरशिपच्या परीक्षेसारखी. आठवतंय ना, चौथीत-सातवीत फॉर्म शाळा भरायची, बाई नावं पाठवायच्या, आणि ज्या शाळेतल्या बाईंना उत्साह नसेल तिथली मुलं बसायचीच नाहीत? तस्संच. इथे एमएएकडे नोंदणी करते ती शाळा किंवा संस्था. तिथली एक जबाबदार व्यक्ती 'कॉम्पिटिशन मॅनेजर' होते. पेपर मागवणं, ते कुलपात ठेवणं, खोली मिळवणं, मुलांवर लक्ष ठेवणं, सगळं परत पाठवणं, हे सगळं तिच्या गळ्यात. बहुतेक शाळांत या कामाचे वेगळे पैसे मिळत नाहीत.

त्यामुळे नकाशावर जवळचं केंद्र कुठे आहे हे शोधण्यात आपण उगाच वेळ घालवतो. शोधायचा असतो एक शिक्षक, जो नोव्हेंबरातल्या एका आडवारी पंचवीस-तीस मुलांसाठी आपला दीड-दोन तासांचा वेळ द्यायला तयार आहे. हे एकदा लक्षात आलं की कोणाला, कधी आणि कसं विचारायचं हे आपोआप सुचतं.

आमच्या शाळेत ती होते की नाही, हे कोणाला विचारू?

फ्रंट ऑफिसला नको. तिथे "आमच्याकडे असं काही नसतं" हेच उत्तर मिळतं, आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावर मॅथ क्लबच्या फळ्यावर तारीख लिहिलेली असते. ओळखीतल्या एका मुलीच्या बाबतीत हेच झालं. ऑफिसने नाही म्हटलं, गायडन्स काउन्सेलरने एपीच्या, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या, परीक्षांची माहिती दिली, आणि शेवटी तिच्या केमिस्ट्रीच्या लॅब पार्टनरने सांगितलं की तो गेल्या वर्षी शाळेतच बसला होता.

क्रम असा ठेवा. आधी मॅथ क्लबचे सल्लागार शिक्षक. मग गणित विभागाचे प्रमुख. मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एका कारभाराखालच्या सरकारी शाळांच्या विभागात, हायस्कूल आणि मिडल स्कूल दोन्हींसाठी एकच सुपरवायझर असतो, तो कळला तर अर्धं काम झालं. काउन्सेलर सगळ्यात शेवटी. आणि शाळेतल्या अकरावी-बारावीच्या एखाद्या गणितवेड्या मुलाला मुलानेच विचारू द्या. त्याला सगळं माहीत असतं.

शाळा 'नाही' म्हणाली. आता कुठे शोधू?

पाच दिशांना शोधा, आणि एकाच वेळी. एकीचं उत्तर येईपर्यंत दुसरीकडे विचारायचं नाही असा भिडस्तपणा इथे महागात पडतो.

पहिली दिशा, एमएएची साइट. तिथे बाहेरच्या विद्यार्थ्यांना घेणाऱ्या ठिकाणांची माहिती शोधा. यादीत नाव आहे म्हणजे जागा आहे असं समजू नका, फोन करून खात्री करा.

दुसरी, शेजारच्या डिस्ट्रिक्टची सरकारी हायस्कुलं. काही शाळा आपल्या डिस्ट्रिक्टबाहेरच्या मुलांना घेत नाहीत. विमा, सुरक्षा, व्हिजिटर पास अशी कारणं असतात आणि ती खरी असतात. पण काही घेतात. तिसरी, खासगी आणि कॅथलिक हायस्कुलं. आपले लोक तिकडे विचारायलाच जात नाहीत, आणि माझा अनुभव असा की तिथे दार लवकर उघडतं. वर्ग लहान, परवानगी देणारा माणूस एकच, आणि गठ्ठ्यात पेपर उरलेले असतात. पेपर पूर्वीपासून दहा-दहाच्या गठ्ठ्यांत मागवले जात. तेरा मुलं असतील तर वीस पेपर येणार, म्हणजे सात मोकळे. तुमचं मूल त्या सातांतलं एक होऊ शकतं.

चौथी दिशा, विद्यापीठं आणि कम्युनिटी कॉलेजं. काही ठिकाणचे गणित विभाग दर वर्षी बाहेरच्या मुलांसाठी ही परीक्षा घेतात. ज्या विद्यापीठात मॅथ सर्कल, म्हणजे शाळकरी मुलांचं गणित मंडळ, चालतं तिथे आधी विचारा. पाचवी, गणिताचे क्लास. त्यांच्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे, कारण बोलण्यासारखं बरंच आहे.

ई-मेलात काय लिहू?

तुम्ही लिहूच नका. मुलाला लिहू द्या. शिक्षकाच्या इनबॉक्समध्ये आईबाबांची पत्रं ढिगाने असतात. नववीतल्या मुलीने स्वतः लिहिलेलं चार ओळींचं पत्र वेगळं उठून दिसतं.

माझ्या धाकटीचं पत्र साधारण असं होतं: "मी अमुक शाळेत नववीत आहे. आमच्या शाळेत एएमसी १० होत नाही. तुमच्याकडे बाहेरच्या विद्यार्थ्यांना बसता येतं का? पेपरचा खर्च मी देईन, येण्याजाण्याची सोय आमची आम्ही करू. ए आणि बी या परीक्षेच्या दोन तारखांपैकी कुठलीही चालेल. निकाल चांगला आला तर पुढची परीक्षाही तुमच्याकडेच देता येईल का, हेही कळवाल का?" खाली सही. आठ शाळांना पाठवलं. तिघांचं उत्तर आलं, दोघांनी नाही म्हटलं, एकीने हो म्हटलं. एकच हवी असते.

माझ्या पहिल्या खेपेला, म्हणजे थोरल्याच्या वेळी, पत्र मी लिहिलं होतं. दोन पानं. कुमॉनची लेव्हल, स्पेलिंग बी, पियानो, तबला. कोणीही उत्तर दिलं नाही, आणि आज वाचताना मीही दिलं नसतं.

आठवड्याने एकदा आठवण करा, दोनदा नको. आणि परीक्षेनंतर त्या शिक्षकांना आभाराचं कार्ड द्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या मुलाने विचारलं तर त्यांना तुमचं कार्ड आठवेल.

आमच्या भागातले क्लासवाले "आमच्याकडे बसा" म्हणतात. बसवू का?

बसवा, पण विचारून. क्लास हे शाळेइतकंच अधिकृत केंद्र असू शकतं, तिथला गुण कमी धरला जात नाही. प्रश्न असतात ते तीन. पहिला, फक्त परीक्षेचं शुल्क घेतात की सोबत कोर्स घ्यायला लावतात? एका ठिकाणी मला सांगितलं होतं, "सीट कोर्सच्या मुलांसाठी राखीव आहे," आणि कोर्सची रक्कम ऐकून मी फोन ठेवून बराच वेळ पंख्याकडे पाहत बसले. दुसरा, पैसे भरल्यावर एमएएची नोंदणी खरोखर झाली आहे याची काही पोच देतात का? तिसरा, परीक्षेच्या दिवशी खोली कुठली? स्ट्रिप मॉलमधल्या दुकानाच्या मागच्या खोलीत, शेजारी कराटेचा क्लास "हाय्या" करत असताना माझ्या एका मैत्रिणीच्या मुलाने पेपर दिला. तो म्हणे, प्रश्न १८ पासून प्रत्येक आरोळीला एक पाऊल मागे.

गेल्या काही वर्षांत पेपर आधी फुटल्याच्या तक्रारी जाहीरपणे झाल्या आहेत. म्हणून एक सांगते: कुणी "थोडी कल्पना देतो" असं सुचवलं तर तिथून उठा. त्या केंद्राचे निकाल रद्द झाले तर तुमच्या मुलाचाही जाईल, त्याने काही केलेलं नसलं तरी.

आमच्याच शाळेत सुरू करता येईल का?

येईल, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला रस्ता हाच. गाडी काढा, चाळीस मैल जा, हे चार वर्षं करण्यापेक्षा एका वर्षी शाळेला पटवा.

शाळा नाही म्हणते तेव्हा गणिताला विरोध असतो असं नाही. कामाचा एक ढिगारा समोर दिसत असतो. तो ढिगारा तुम्ही लहान करा. शिक्षकांकडे जाताना मुलांची यादी घेऊन जा. दहा नावं असली की "एकदोघांसाठी कशाला" हा मुद्दा उरत नाही. नोंदणीचं शुल्क पीटीओ, म्हणजे शाळेची पालक-शिक्षक संघटना, देईल का ते आधीच विचारून ठेवा. परीक्षा शाळा सुटल्यावर घेता येईल हे सांगा, म्हणजे तास बुडत नाहीत आणि बदली शिक्षक लागत नाही. ठरलेल्या दिवशी नेमकी वेळ कोणती हे केंद्र आपल्या सोयीने ठरवतं. प्रॉक्टर म्हणून मुलं मोठी होऊन गेलेले पालक मिळतात. मी त्यांतलीच.

हे बोलणं मे महिन्यात करायचं. सप्टेंबरात शिक्षकाला नवीन काम सांगणं म्हणजे लग्नाच्या दिवशी केटररला मेन्यू बदलायला सांगणं.

मी मुलीला घरीच शिकवते. घरी परीक्षा घेता येईल? किंवा आपल्या मराठी शाळेच्या हॉलमध्ये?

घरी नाही. परीक्षा सार्वजनिक इमारतीत व्हायला हवी, म्हणजे शाळा, कॉलेज, वाचनालय अशी जागा. आणि ती घेणारी व्यक्ती मुलाच्या नात्यातली नको. होमस्कूल करणाऱ्या पालकांचा गट मिळून नोंदणी करतो आणि गावातल्या पब्लिक लायब्ररीची मीटिंग रूम घेतो, हे बऱ्याच ठिकाणी चालतं. लायब्ररीच्या खोल्या महिना-दोन महिने आधी भरतात, तेवढं सांभाळा.

मराठी शाळेचं म्हणाल तर आम्ही तो बेत केला होता. हॉल रविवारी मिळणार, परीक्षा बुधवारी. आणि नात्याची अट आली तेव्हा लक्षात आलं की काम करायला उत्साहाने पुढे आलेल्या सहाही जणांची मुलं त्याच परीक्षेला बसणार होती. एकीने सुचवलं, "मग मी तुझ्या मुलावर लक्ष ठेवते, तू माझ्या." सगळी पोरं तिला मावशीच म्हणतात. कागदावर ती नातेवाईक नव्हती हे खरं, पण आम्हालाच ते बरं वाटलं नाही. शेवटी जवळच्या एका कॉलेजमध्ये खोली मिळाली आणि ज्यांच्या घरचं कुणीच परीक्षेला बसणार नव्हतं असे एक निवृत्त प्राध्यापक प्रॉक्टर झाले.

ए आणि बी काय आहे? दोन्ही देता येतात का, तेही वेगवेगळ्या ठिकाणी?

दोन वेगवेगळ्या तारखा, दोन वेगवेगळे पेपर, काठिण्य साधारण सारखं. २०२३ मध्ये ए ८ नोव्हेंबरला आणि बी १४ ला होती. २०२४ मध्ये ६ आणि १२ ला. २०२५ मध्ये ५ आणि १३ ला. वार नेहमी कामाचे. एका तारखेला १० किंवा १२ यांपैकी एकच पेपर देता येतो. पण दोन्ही तारखांना बसता येतं, आणि १०ए देऊन नंतर १२बी देणारीही मुलं असतात. ए एका केंद्रावर आणि बी दुसऱ्या केंद्रावर देणंही चालतं. बऱ्याच शाळा दोनांपैकी एकच घेतात, त्यामुळे पुष्कळदा तसं करावंच लागतं.

इथे एक बारीक गोष्ट. दोन्ही ठिकाणी नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि ई-मेल अक्षरशः एकच द्या. आपल्या नावांत शेवटी 'ए' लावायचा की नाही, 'व्ही' की 'डब्ल्यू', हा घोळ घरातच असतो. ओळखीतल्या एका अथर्वचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर भलतंच पडलं होतं, आणि निकाल जुळवता जुळवता डिसेंबर गेला.

तारीख दिवाळीत येते. काय करायचं?

येते खरी. २०२३ मध्ये बी बरोबर पाडव्याला आली होती. आमच्याकडे पहाटे अभ्यंगस्नान, उटणं, चकली, आणि साडेसातला गाडीत. पोराच्या केसांना तेलाचा वास येत होता म्हणून तो वैतागला होता, एवढंच नुकसान. फराळ संध्याकाळी करा. तारीख बदलून मिळत नाही, फारतर ए ऐवजी बी.

दिवाळीपेक्षा शाळेच्या सुट्ट्या जास्त नडतात. न्यू जर्सीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षक संघटनेचं अधिवेशन असतं, गुरुवार-शुक्रवार शाळा बंद. २०२२ मध्ये ए होती १० नोव्हेंबरला, गुरुवारी, नेमकी त्याच दिवशी. इमारतीला कुलूप असलं की केंद्र कुठलं? तुमच्या राज्याचं शाळेचं कॅलेंडर आणि परीक्षेच्या तारखा ऑगस्टमध्येच शेजारी शेजारी ठेवून बघा.

परीक्षेच्या दिवशी केंद्रच बंद निघालं तर?

आमच्यावर ही वेळ आली आहे. २०२१ च्या आधी ही परीक्षा फेब्रुवारीत असायची. थोरल्याला घेऊन मी पहाटे निघाले, रस्त्यावर बर्फ, वायपर करकरतायत, पोहोचायला दीड तास. शाळेच्या दारात एक सफाई कामगार फावड्याने वाट मोकळी करत होता. म्हणाला, आज शाळा नाही, पाच वाजता जाहीर झालं. ते जाहीर झालं होतं त्या शाळेच्या पालकांच्या फोनवर. आम्ही त्या शाळेचे पालक नव्हतो. आणि तिथे बी होणार नव्हती. पोरगं परतीच्या वाटेवर एक शब्द बोललं नाही, फक्त डंकिनला थांबल्यावर हॉट चॉकलेट मोठं घेतलं.

आता नोव्हेंबरात बर्फाचा धोका कमी. पण बाहेरून येणाऱ्या मुलाला आतल्या बातम्या कळत नाहीत हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे. म्हणून मॅनेजरचा मोबाइल नंबर आधी मागून घ्या, आणि शक्य असेल तर बी साठी दुसरीकडे एक जागा धरून ठेवा.

मुलगा मिडल स्कूलमध्ये आहे, पण एएमसी १० द्यायची म्हणतो.

मिडल स्कूलमध्ये बहुधा फक्त एएमसी ८ होते, तीही झाली तर. त्याच डिस्ट्रिक्टच्या हायस्कूलमध्ये विचारा. आपल्याच डिस्ट्रिक्टचं मूल म्हटल्यावर बऱ्याच शाळा आठवीच्या मुलांना बसू देतात. अडचण येते ती नेण्याआणण्याची, कारण दोन्ही शाळांच्या वेळा वेगळ्या. अर्ध्या दिवसाची रजा आणि गाडी चालवणारं कुणीतरी, एवढी तयारी ठेवा. आजी-आजोबा आले असतील तर ते बरोबर जातील, पण गाडी कोण चालवणार हा प्रश्न उरतोच.

आम्ही लहान गावात राहतो. ऐंशी मैलांत कोणी ही परीक्षा घेत नाही.

मग तुम्हालाच केंद्र उभं करावं लागेल, आणि ते तुमच्याकडे सोपं आहे. लहान गावात मुख्याध्यापक फोन उचलतात. कम्युनिटी कॉलेजचं टेस्टिंग सेंटर इतर परीक्षा घेतच असतं, त्यांना प्रॉक्टरचं काम नवीन नाही. वाचनालयंही पुष्कळदा असं काम करतात. गणित मोठ्या शहरांपुरतं असतं असंही नाही. या स्पर्धांचं कार्यालय कित्येक वर्षं नेब्रास्कातल्या लिंकनमध्ये होतं.

पुढची फेरी कुठे होते?

एएमसी १० किंवा १२ मध्ये त्या वर्षीच्या ठरलेल्या गुणांच्या वर गेलेल्यांना एआयएमईचं, म्हणजे अमेरिकन इन्व्हिटेशनल मॅथेमॅटिक्स एक्झामिनेशनचं, आमंत्रण येतं. १५ प्रश्न, तीन तास, पर्याय नाहीत, उत्तर ० ते ९९९ मधली पूर्ण संख्या. ती फेब्रुवारीच्या आसपास असते, आणि तिलाही केंद्र लागतं. लोक नेमके इथे फसतात: नोव्हेंबरात एएमसी घेणारं प्रत्येक ठिकाण एआयएमई घेतंच असं नाही. एका मुलासाठी तीन तास खोली उघडी ठेवायला सगळे तयार नसतात. म्हणून धाकटीच्या पत्रात ती शेवटची ओळ होती. आधी विचारलेलं असलं की जानेवारीत धावपळ होत नाही.

एमआयटीसारख्या ठिकाणी अर्जात एएमसी-एआयएमईचे गुण लिहायला जागा असते, म्हणून पालक जरा जास्तच घाईला येतात. मुलांना ती घाई देऊ नका.

सोबत काय न्यायचं?

पेन्सिली, खोडरबर, पट्टी, फोटो असलेलं ओळखपत्र, पाण्याची बाटली. कॅल्क्युलेटर २००८ पासून बंद आहे. स्मार्टवॉच घरी. पेपर कागदावर आहे की संगणकावर, हे आधी विचारून घ्या. संगणकावर असेल तर लॅपटॉप आपला की त्यांचा, हेही. नवख्या इमारतीत आदल्या दिवशी एक चक्कर मारून या. अमेरिकन हायस्कूल बाहेरून एक दिसतं आणि आत गेलं की भूलभुलैया.

आणि १० व १२ मध्ये बरोबर उत्तराला ६, कोऱ्या जागेला १.५, चुकीला शून्य हे मुलाला माहीत असू द्या. पाचही पर्याय सारखेच वाटत असतील तर अंदाजाने सरासरी १.२ मिळतात, म्हणजे कोरं सोडणं फायद्याचं. एक पर्याय खात्रीने बाद झाला तर बरोबरी. दोन बाद झाले की बिनधास्त अंदाज करा.

आम्ही पुढच्या वर्षी पुण्याला परत जातोय. तिकडे काय?

तिकडची मुख्य वाट म्हणजे आयओक्यूएम, गणित ऑलिंपियाडची पहिली पात्रता परीक्षा. आठवी ते बारावीच्या मुलांसाठी, साधारण सप्टेंबरात, ३० प्रश्न, तीन तास. तिथून आरएमओ ही प्रादेशिक फेरी, मग आयएनएमओ ही राष्ट्रीय फेरी, आणि पुढची सूत्रं मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापन केलेली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था वर्षानुवर्षं ऑलिंपियाडच्या मुलांना शिकवते आहे. गेल्या गेल्या तिथे जाऊन चौकशी करा. सप्टेंबरची परीक्षा म्हणजे नोंदणी त्याच्याही आधी, हे जूनमध्ये सामान उघडताना विसरू नका.

कॅनडातल्या मंडळींना वॉटर्लू विद्यापीठाच्या गणिताच्या स्पर्धा जवळच्या. तिथेही नाव शाळेमार्फतच जातं, त्यामुळे वरचं बरंचसं जसंच्या तसं लागू.

मुदत गेली. या वर्षी काहीच होणार नाही का?

आधी एकदा फोन करून बघा. कुणी आजारी पडतं, कुणाची बॅण्डची स्पर्धा येते, नोंदवलेल्या जागा ऐन वेळी मोकळ्या होतात. प्रतीक्षायादीत नाव ठेवायला सांगा आणि "एक तास आधी कळवलं तरी येऊ" असं म्हणा.

नाहीच जमलं तर वसंतात पर्पल कॉमेट ही गणिताची स्पर्धा आहे: फुकट, ऑनलाइन, सहा जणांपर्यंतचा संघ, देखरेखीला एक मोठं माणूस. केंद्राचा प्रश्नच नाही. जुने एएमसीचे पेपर नेटवर मिळतात. एका शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ७५ मिनिटांचा गजर लावा आणि तोवर मिक्सर चालू करू नका. आणि पुढच्या वर्षीचं पत्र मे महिन्यात पाठवून टाका. जूनच्या अखेरीला शिक्षक सुट्टीवर जातात, मग ऑगस्ट संपेपर्यंत उत्तर येत नाही.